मुलगा हसला म्हणून टीव्ही बंद?

प्रिय ताई,

माझं वय ३८. नागपुरात मानेवाड्याकडे राहतो, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम पाहतो. घरी बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. आई उमरेडला असते, अधूनमधून येते. दारू नाही, खर्रा नाही, कोणाचं देणं नाही. वेड एकच, टीव्हीवरचा शक्तिमान. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून. अजूनही रात्री मोबाइलवर एक भाग पाहिल्याशिवाय झोप येत नाही. चित्रपटात शक्तिमान कोणी व्हावं यावरून ऑफिसात एकाशी बोलणं बंद आहे.

माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. स्टिकर, कॉमिक्स, पेपरातली कात्रणं, आणि आईने तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, शिवलेला शक्तिमानचा ड्रेस. तो घालून, लाकडी बैल ओढत मी कॉलनीभर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरलो होतो. वेशभूषेत दुसरा नंबर आला होता.

मागच्या रविवारी मुलाला जवळ बसवलं, म्हटलं आज तुला खरा सुपरहीरो दाखवतो. दहा मिनिटांत तो हसायला लागला. ‘बाबा, हा काहून गोलगोल फिरून राहिला? याले चक्कर नाही येत का?’ माझा साळा बसला होता, त्याला तर जोरच चढला. ‘भाऊजी, याच्यापेक्षा संक्रांतीले आपली पतंग बरी उडते.’ माझं डोकं फिरलं. टीव्ही बंद केला आणि मुलाला म्हटलं, आठवडाभर आता तुझंही काही लागणार नाही. तो रडत आत गेला.

पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस. त्या दिवशी शक्तिमान बनून सगळ्यांसमोर यायचं म्हणून इतवारीत एका टेलरकडे माझ्या मापाचा ड्रेस टाकला आहे. तीन हजार ॲडव्हान्स दिला, बायकोला बोललो नव्हतो. तिला आता कळलं. मुलगा तिला म्हणतो, ‘बाबांना सांग ना, नको.’ ती म्हणते, आता तरी मोठे व्हा, आणि दिवाळीच्या सफाईत ती पेटी भंगारवाल्याला द्या.

या वयात हे वेड बरं नव्हे का? आणि मुलाला शक्तिमान आवडावा म्हणून मी काय करू?

– एक शक्तिमानप्रेमी

*

भाऊ,

पेटी भंगारात द्यायची नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुमचा जीव त्या पेटीत अडकला आहे आणि तो सुटल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरायचं नाही. दुसरं, वाढदिवसाला तो ड्रेस घालायचा नाही. आता निवांत बोलू.

वेडाचं म्हणाल तर मला त्यात आजार दिसत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए मैदानावर पाहिलेल्या मॅचचं तिकीट आयुष्यभर जपणाऱ्या माणसाला आपण शौकीन म्हणतो, मग शक्तिमानचं स्टिकर जपणारा तेवढा पोरकट का? काम वेळेवर होतं, झोप पुरते, घरखर्चाला हात लागत नाही, चार माणसांत मन रमतं, तोवर माणसाने काय जपावं हा त्याचा प्रश्न. उद्या असं झालं, की त्या एका भागाशिवाय दिवसात दुसरं काहीच गोड लागत नाही, कामावर जावंसं वाटत नाही, तर मात्र मला न लिहिता सरळ मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. तुमच्या पत्रात मला आजारापेक्षा राग जास्त दिसला.

तुम्ही ज्या वर्षांबद्दल लिहिता त्या वर्षांत मी शाळेत शिकवत होते, म्हणून शक्तिमान मला तुमच्या उलट्या बाजूने माहीत आहे. १३ सप्टेंबर १९९७ ला, शनिवारी, दूरदर्शनवर पहिला भाग लागला आणि २७ मार्च २००५ च्या रविवारी मालिका संपली. मधली साडेसात वर्षं आम्ही बायांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पहारा देत काढली. एक हात वर, बोट आभाळाकडे, आणि पोरगं गरागरा फिरायचं. भोवळ आली की खांबावर आदळायचं. कपाळावर टेंगूळ, तोंडभर हसू, आणि वरून आम्हालाच विचारायचं, ‘मॅडम, मी दिसेनासा झालो होतो का?’ स्टाफरूमच्या कपाटातली आयोडीनची बाटली पुरत नसे.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नव्हतं हो. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. त्यातल्या किती खऱ्या, यावर त्या वेळीही वाद होता, पण आईबाप हादरले होते. शक्तिमानचं काम करणाऱ्या मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना बजावावं लागलं की यातलं काही करून पाहू नका. म्हणजे आज तुम्ही ज्याच्यासाठी भांडता, त्याच्यावर त्या काळी मोठ्यांचा पूर्ण विश्वास होता असं काही नाही. तुमच्या आईनेही तेव्हा चार शिव्या दिल्या असतील आणि नंतर बसून ड्रेस शिवला असेल.

पण त्या मालिकेची एक गोष्ट मला मनापासून आवडायची. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ यायचं. कोणी मूल खोटं बोललेलं, कोणी हात न धुता जेवायला बसलेलं. शक्तिमान न ओरडता समजावून सांगायचा, आणि मूल म्हणायचं, ‘सॉरी शक्तिमान.’ मी ते वर्गात सर्रास वापरलं. गृहपाठ राहिला की ‘सॉरी मॅडम’ म्हणताना पोरांची जीभ जड व्हायची, ‘सॉरी शक्तिमान’ मात्र कान धरून, हसत म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठ आणायची.

तर भाऊ, या खेपेला कान तुम्ही धरायचे. नऊ वर्षांचं पोरगं एक मालिका पाहून हसलं, यात त्याचा गुन्हा काय? त्याने तुम्हाला उलट उत्तर दिलं नाही, पळून गेलं नाही. तुम्ही बसवलं तिथे बसलं, पाहिलं आणि डोक्यात आला तो प्रश्न विचारला. प्रश्नही चांगला आहे, चक्कर का येत नाही! आम्हाला व्हरांड्यात तोच पडायचा. त्याच्या बदल्यात त्याला आठवडाभराची शिक्षा? आजच त्याला सांगा, ‘मी चिडलो ते चुकलं.’ बस, तेवढंच. ‘सॉरी, पण तू हसायला नको होतंस’ असं शेपूट लावाल तर ती माफी राहत नाही, उलट दुसरा दम होतो. आणि शिक्षेचे जे दिवस उरले असतील ते रद्द.

तो का हसला, हे तुम्हालाही ठाऊक आहे. निळ्या पडद्यापुढे माणूस उभा करायचा, मागे दुसरं चित्र चिकटवायचं, कडा थरथरल्या तर थरथरू द्यायच्या, अशी ती करामत होती. दूरदर्शनच्या एका मालिकेच्या पैशात आणि त्या काळच्या यंत्रांवर याहून फार होणार नव्हतं. तुमच्या मुलाने शाळेत जायच्या आधीच याच्या हजारपट सफाईदार उड्डाणं पाहिली आहेत. त्याच्या डोळ्याला त्या कडा आधी दिसतात. तुम्हाला दिसत नाहीत, कारण तुम्ही पडदा पाहतच नाही. तुम्हाला दिसतो गच्चीवरचा अँटेना, सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे तोंड करून फिरवायचा. ‘आलं का? आलं का?’ म्हणून खाली ओरडणारा भाऊ नाहीतर शेजारचा बंड्या. ऐन वेळी गेलेली लाइट, मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी पळणं. आणि भाग चुकला तर पुन्हा बघायची सोय नाही, सोमवारी वर्गात दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा. एका भागासाठी तुम्ही सहा दिवस दम धरायचे. ते सहा दिवस यूट्यूबवर मिळत नाहीत, आणि ते नसतील तर मुलासमोर उरतो फक्त मरून कपड्यातला फिरणारा माणूस. मग तो हसेल नाहीतर काय करेल!

तुम्ही एकटे नाही, हेही ऐकून ठेवा. एप्रिल २०२० मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा दाखवायला घेतला तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हेच चाललं होतं. बाप सोफ्याच्या टोकावर, डोळे भरलेले. पोरगं बाजूला मोबाइलमध्ये. मध्येच मान वर करून विचारायचं, ‘संपलं का?’

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात शक्तिमान आहे, पेटी आहे, ड्रेस आहे. शक्तिमान एरवी ज्या साध्या माणसाच्या रूपात वावरायचा, तो गंगाधर कुठेच नाही. अठ्ठावीस वर्षं मालिका पाहणाऱ्या माणसाच्या पत्रात पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री यांचं नावही येऊ नये, याचं मला नवल वाटलं. दात पुढे, जाड चष्मा, ‘आज की आवाज’ या पेपरात फोटो काढायची नोकरी, आणि बातमीदार गीता विश्वासपासून ऑफिसच्या शेवटच्या माणसापर्यंत सगळे त्याला येडा समजणारे. मला विचाराल तर मालिकेतलं खरं काम तेच होतं. हवेत उडायला तारा आणि यंत्रं होती, गंगाधर व्हायला नटच लागत होता. ज्या माणसाला साऱ्या देशाने महाभारतात भीष्म म्हणून पाहिलं होतं, तो चाळिशीच्या आसपास बाहेरचे दात लावून, गळ्यात कॅमेरा अडकवून पोरांना हसवायला उभा राहिला. पोरं पोट धरून हसायची. तुम्हीही हसला असाल.

त्या गंगाधरला कोणी हसलं तर तो काय करायचा? चष्मा सावरायचा, दोन जड जड संस्कृत-हिंदी शब्द फेकायचा आणि आपल्या कामाला लागायचा. इमारत उचलायची ताकद अंगात असून कोणाला दाखवायला गेला नाही. खलनायक किल्विश ‘अंधेरा कायम रहे’ म्हणत समोर आला की मगच गरागरा. साळा ‘पतंग बरी उडते’ म्हणाला तर तो काही किल्विश नव्हे. डॉक्टर जयकालही नव्हे. साळा आहे, रविवारचं जेवून सोफ्यावर पसरलेला. त्याला म्हणायचं, ‘हो रे, मांजा जरा ढिलाच होता त्यांचा.’ विषय तिथेच संपला असता, मुलगाही तुमच्याबरोबर हसला असता, आणि कोण जाणे, उरलेला अर्धा भागही पाहिला असता.

म्हणून ‘मुलाला आवडावा म्हणून काय करू’ याचं माझं उत्तर सोपं आहे: काही करू नका. शक्तिमान तुमचा वारसा नाही, घर-शेतीसारखा मुलाच्या नावावर करता येत नाही. त्याला तुमच्याबरोबर बसायचं असेल तर कारण दुसरं सापडेल. येत्या रविवारी उलट करा. त्याला म्हणा, ‘तुझा कोण आहे तो मला दाखव.’ मग तो जे लावेल ते मोबाइल खाली ठेवून पाहा. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणा, त्यालाही बोलायला मुद्दा मिळेल. फक्त एक पथ्य पाळा: ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द त्या दिवशी तोंडातून निघू द्यायचे नाहीत. आणि पाहता पाहता तुम्हाला हसू आलं, तर त्याने टीव्ही बंद करावा का, हेही मनाशी विचारून बघा.

वाढदिवसाला ड्रेस का नको, हे आता वेगळं सांगायला नको, तरी सांगते. नऊ वर्षांच्या मुलासाठी मित्रांसमोरची इज्जत फार मोठी चीज असते. त्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांनी त्याच्याकडे पाहायचं असतं. तुम्ही मरून ड्रेसात, पोटावर सोनेरी पट्टा आवळून आलात तर पुढचं वर्षभर शाळेत त्याला काय काय ऐकावं लागेल याचा अंदाज करा. त्याने तर स्पष्ट सांगितलं आहे, नको म्हणून. तेही तुमच्या तोंडावर नाही, आईकरवी, म्हणजे तुम्हाला दुखवायचं नाही एवढी अक्कल त्याला आहे. त्या अक्कलेचा मान राखा.

बायकोचं. ‘मोठे व्हा’ हे तिचं वाक्य तुम्हाला लागलं, पण माझ्या मते ते शक्तिमानबद्दल नव्हतंच. ते तीन हजारांबद्दल होतं. रक्कम मोठी नाही, पण ती तिला टेलरच्या पावतीवरून कळली की आणखी कशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या तोंडून कळलेली नाही एवढं नक्की. पतसंस्थेत असा न सांगता केलेला खर्च तुम्ही खपवून घेता का? आणि रात्रीच्या त्या भागाचंही जरा बघा. भाग पाहायला माझी ना नाही. पण तुम्ही कानात इयरफोन घालून भिंतीकडे तोंड करता तेव्हा दिवसभराचं काही बोलायला ती जागी असते का? असेल तर आधी तिचं ऐका, शक्तिमान थांबतो. आता तर तो हवा तेव्हा थांबतो. आमच्या वेळी थांबत नव्हता (बघा, मलाही मोह आवरत नाही).

ऑफिसातल्या त्या भांडणावर मी शाई घालवणार नाही. चित्रपटाची घोषणा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. भूमिका कोणाला द्यायची हे ठरवणारे तुम्हाला नि त्या सहकाऱ्याला विचारायला नागपूरला येणार नाहीत. उद्या त्याच्यापुढे तर्री पोह्याची प्लेट सरकवा.

राहिली पेटी. स्टिकर आणि कात्रणं एका फाइलीत लावा, कॉमिक्सना कसर लागली नाही ना ते पाहा, पेटी गादीखालच्या कप्प्यात जाईल एवढी आटोपशीर करा. दिवाळीच्या सफाईत बायकोला जागा हवी आहे, ती मिळाली की भंगारवाल्याचा विषय निघणार नाही. ड्रेस मात्र फाइलीत घालू नका. तो बाहेर काढा, ऊन दाखवा, आणि तुमच्या आई उमरेडहून येतील तेव्हा त्यांच्या हातात द्या. मुलगा शेजारी असू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. त्या ड्रेस आधी उलटा करतील बघा, शिवणाऱ्या बाया तसंच करतात. आत टीप दिसेल, पुढच्या वर्षी उसवून सैल करता यावा म्हणून सोडलेली माया दिसेल, काळा पडलेला गोटा दिसेल. मग कापड कुठून आणलं, छातीवरचं चक्र कशाचं कापलं, ते चिकटेना म्हणून तुम्ही किती भोकाड पसरलं होतं, पहिला नंबर कोणाचा आला आणि त्यावरून घरी काय रामायण झालं, सगळं त्या सांगतील. तुम्ही पत्रात ‘दुसरा नंबर’ एवढंच लिहून मोकळे झालात. आईला पूर्ण गोष्ट आठवत असणार. मुलगा पुन्हा हसेल, या खेपेला तुम्हालाच. हसू द्या. मालिका त्याच्या डोक्यात शिरली नाही तरी दहा वर्षांचे, नाक वाहणारे, बैल ओढत बोजारा मागणारे बाबा त्याला नक्की आवडतील.

आणि तो इतवारीचा टेलर. उद्याच फोन करा. कापड कापलं नसेल तर थोडंफार कापून घेऊन ॲडव्हान्स परत देईल, ते पैसे बायकोच्या हातात ठेवा. कापलं असेल तर शिवून घ्या, आता काय! पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला कॉलनीतली झाडून सारी पोरं सजवलेले बैल घेऊन निघतील, त्यांना बोजारा वाटायला कोणीतरी लागतंच. ते काम तुम्ही मागून घ्या आणि त्या दिवशी ड्रेस घाला. मुलाला आधी विचारा. तो तेव्हाही नको म्हणाला, तर ड्रेस तुमच्या साळ्याच्या अंगाला बसतो का ते बघा.